बाहुली मोठी करणारे थेंब

बैहरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. माहेर निपाणीकडचे, सासर मध्य प्रदेशात. घरात मराठी, आईशी फोनवर कानडी, बाजारात हिंदी. सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या खेपेला बालाघाटला डोळ्यांत थेंब घालून तपासणी झाली आणि घाट चढून घरी येईपर्यंत त्यांना सगळे धूसर दिसत होते. तेव्हापासून “त्या थेंबांनी माझी नजर नेली” म्हणत ते पुन्हा जायला तयार नाहीत.

ताई, नजर थेंबांनी गेलेली नाही. पण तपासणी टाळत राहिले तर खरोखरच जाऊ शकते. डोळ्याच्या काळ्या गोलाला आपण बाहुली म्हणतो, कानडीत पापे. पापे म्हणजेही बाहुलीच! ही बाहुली म्हणजे आत डोकावायची खिडकी. डॉक्टरांनी बॅटरी मारली की ती मिटू लागते, मग आतला पडदा कडेपर्यंत दिसणार कसा? मधुमेहात बिघाड होतो तो या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत, आणि बराच काळ रुग्णाला काहीच जाणवत नाही. वेळेवर कळले तर लेसर किंवा इंजेक्शनने नजर राखता येते. म्हणून मधुमेह्यांची अशी तपासणी साधारण वर्षातून एकदा व्हावी.

थेंब बहुधा ट्रॉपिकामाइडचे असतात, पुष्कळदा जोडीला फेनिलेफ्रिन. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते आणि चार ते सहा तास तशीच राहते. एखाद्याला दुसऱ्या सकाळपर्यंतही. तोवर उजेड सोसत नाही. जवळचे पाहण्यासाठी भिंग जुळवणारा स्नायूही सैलावतो, त्यामुळे बारीक अक्षर पुसट होते.

तेव्हा सासऱ्यांना एकटे धाडू नका. सकाळची वेळ घ्या, काळा चष्मा आणि टोपी बरोबर ठेवा. मोटारसायकल त्या दिवशी त्यांच्या हाती नकोच. घाटात समोरून ट्रकचे दिवे आले तर काही दिसायचे नाही. जिना, विळी, शिवणयंत्र यांच्यापासूनही त्यांना दूर ठेवा. आणि हो, त्या दुपारी कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका!

थेंब घालण्याआधी डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी आहेत: स्वतःला किंवा घरात कुणाला काचबिंदू आहे का, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे का (फेनिलेफ्रिनने दाब चढू शकतो), पूर्वी एखाद्या थेंबाचा त्रास झाला होता का, दिवस गेले आहेत का. ज्यांच्या डोळ्यातला पाणी निचरण्याचा कोन अरुंद असतो, अशा थोड्या लोकांत बाहुली मोठी झाल्यावर डोळ्यातला दाब एकदम चढतो. डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोके दुखून उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

लहान मुलांची गोष्ट निराळी. चष्म्याचा नंबर काढण्याआधी त्यांना पुष्कळदा तीन दिवस ॲट्रोपिनचे मलम घालायला देतात. त्याचा अंमल दहा-चौदा दिवसही टिकतो, म्हणून शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पोराला वाचता येईना म्हणून उगाच बोलणी बसायची. सांगितले तेवढेच मलम घाला आणि हात धुवा. थेंब असतील तर नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी उतरते. मूल लालबुंद झाले, अंग तापले, तोंड कोरडे पडले, छाती धडधडू लागली किंवा ते बरळू लागले, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्या.

शेतकरी घरांना हे विष अनोळखी नाही. आपला धोतरा, कानडीतली उम्मत्ती, याच जातीचे द्रव्य बाळगून असतो. निंदणी करताना त्याचा चीक हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला गेला, की एकच बाहुली टपोरी होते आणि मेंदूला काही झाले की काय म्हणून घर घाबरते. अशा वेळी डॉक्टरांना धोतऱ्याचे आवर्जून सांगा.

उरलेली बाटली किंवा मलम पोरांच्या हाती लागेल असे ठेवू नका, आणि पुढे कुणाचे डोळे आले तर ते ‘डोळ्यांचेच औषध’ म्हणून घालू नका.