सायलेन्सर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ‘नाही’ म्हणायला शिका



हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या भागातली पोरं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, गाड्यांच्या आणि इंजिनच्या पार्टचं कोटिंग सुरू करायचंय. मशीन कुठून घेऊ?" मोबाइलवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघितलेले असतात. चकाचक सायलेन्सर, रंगीत इंजिन, काळ्या थराचे पिस्टन. धंदा चांगलाच आहे. पण माझं मत ऐका. मशीन घेण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की मी कुठली कामं घेणार नाही. ज्याच्याकडं ही यादी नाही, त्याची भट्टी वर्षभरात थंड पडते.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचा सायलेन्सर पावडर कोटिंगला दिला होता. दुकान कुठलं ते सोडा. पहिल्या दिवशी काय दिसत होता! आठ दिवसांत इंजिनजवळचा पाइप पिवळा पडला, मग काळा, मग पापुद्रे निघाले. त्या बिचाऱ्यानं फुकट परत करून दिला. तो पण जळाला. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही, पण दहा जणांना सांगितलं मात्र. त्याची मेहनत कमी नव्हती. फक्त "हा पार्ट किती तापतो?" हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता.

साधी पॉलिस्टर पावडर 180 ते 200 अंशाला भाजून पक्की होते. इंजिनमधून निघणारा पाइप लांबच्या प्रवासात त्याच्या कितीतरी वर तापतो. मग ती टिकणार कशी? म्हणून सगळ्या कामाचे तीन भाग करा.

पहिला भाग: इंजिनच्या आतलं काम. सिलेंडर, पिस्टन, रिंग. इथं हात घालू नका. पण माहिती ठेवा, कारण लेथवाले तुम्हाला विचारतील. उदाहरण घ्या. आपल्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएम गाड्या बनतात. 390 ड्यूकच्या सिलेंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो. हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. नेहमीसारखं बोअरिंग करून पाव-अर्धा मिलिमीटर काढला, की थर गेला आणि सिलेंडर पण गेला. असा थर परत चढवायला रसायनांच्या टाक्या, नियंत्रण आणि तपासणी लागते. शेडमध्ये होणारं हे काम नाही. हार्ड क्रोमचंही तसंच. त्याच्या टाकीतलं क्रोमियम विषारी असतं, कॅन्सर करणारं आहे. सांडपाण्याची सोय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नसताना त्या वाटेला जाऊ नका.

दुसरा भाग: बाहेरचं पण तापणारं. सायलेन्सर, मॅनिफोल्ड. याला सिलिकॉन रेझिनचा उष्णतारोधक रंग येतो, साधारण 600 अंशापर्यंत टिकणारा. डब्यावर लिहिलेलं असतं. रंग काळा आणि चांदीसारखा, फार हौस नाही. गिऱ्हाइकाला लाल पाहिजे असेल तर सरळ सांगा, "दादा, टिकणार नाही. मी करत नाही."

तिसरा भाग: न तापणारं. व्हील रिम, गार्ड, फूटरेस्ट, कॅरिअर, ट्रॅक्टरचे मडगार्ड, पेरणीयंत्र आणि रोटाव्हेटरची कव्हरं. तुमची पावडर कोटिंगची भाकरी इथं आहे. हिंगोलीत स्पोर्ट्स बाइक किती, आणि सोयाबीन, हळदीच्या रानात राबणारी अवजारं किती? तुम्हीच मोजा.

आता या तिसऱ्या भागातही लोक बुडतात. कशानं? घाई. गिऱ्हाइकाला रंग दिसतो, पण तो टिकतो खालच्या सफाईमुळं. तेल-ग्रीस काढणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, पूर्ण वाळवणं. यातली एक पायरी गाळली तर पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. गंज काढायला नदीची वाळू मारू नका. तिच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात. गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरा आणि कामगाराला योग्य मास्क द्या.

थोडं गणित करू. समजा एका कामाचे तुम्ही 1000 रुपये घेता. खर्च 700, नफा 300. ते काम परत आलं. जुना थर काढायला 200, परत करायला 700, म्हणजे 900 खिशातून गेले. तीन कामांचा नफा एका कामानं खाल्ला! शंभरात तेहेतीस कामं परत आली, तर वर्षभर राबून हातात जवळपास शून्य.

"जाड मारतो, म्हणजे टिकेल" हाही गैरसमज काढा. साधारण 60 ते 80 मायक्रॉन पुरतात. किलोभर पावडर 60 मायक्रॉनला हिशेबानं अकरा चौरस मीटरच्या आसपास जाते, प्रत्यक्षात उडून थोडी कमी. 120 मारले तर निम्मीच. म्हणून जाडी मोजायचा मीटर पहिल्या खरेदीत घ्या. उन्हात राहणाऱ्या वस्तूला पॉलिस्टर पावडरच वापरा. एपॉक्सी स्वस्त मिळाली म्हणून मारली, तर आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तिची खडूसारखी भुकटी होते.

आणखी दोन गोष्टी, कारण इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. ब्रेक ड्रमच्या आतल्या घासणाऱ्या भागावर पावडर जाता कामा नये. बेअरिंगच्या जागेवरही नाही. दोन्ही बाजूंनी 60-60 मायक्रॉन चढले की माप 0.12 मिलिमीटरनं बदलतं, मग फिटर हातोडीनं बेअरिंग ठोकतो. सिलिकॉनचे बूच आणि उष्णता सोसणारी टेप, हा खर्च वाचवू नका. आणि अलॉय व्हील लवकर व्हावं म्हणून भट्टी वाढवू नका. तिची ताकद हीट ट्रीटमेंटवर असते.

मध्येच लाइट गेली तर? आपल्याकडं ती जातेच. अर्धवट भाजलेला पार्ट दिसायला छान दिसतो, पण नखानं निघतो. वेळ मोजायची ती पार्ट स्वतः तापल्यापासून, भट्टीचा काटा वर गेल्यापासून नाही. जाड लोखंडाला जास्त वेळ लागतो. शंका आली तर एक नमुना ब्लेडनं चौकटी मारून, वर टेप चिकटवून ओढा. टेपला तुकडे आले तर माल देऊ नका.

आता कर्ज. पीएमईजीपीमध्ये उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंत आणि सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी अशा विशेष गटाला 35 टक्के अनुदान आहे. तुमचं काम कुठल्या गटात बसतं, ते जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारा. आणि लक्षात ठेवा, ते अनुदान 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. हप्ता मात्र त्याआधीच सुरू होतो. म्हणून "50 लाख मिळतात तर 50 लाख घेऊ" असं करू नका. छोटी भट्टी, एक गन, चांगली सफाईची जागा आणि ड्रायर लावलेला कॉम्प्रेसर, एवढ्यावर सुरुवात होते. पैसा कमी असेल तर गन साधी घ्या, पण धुण्याच्या टाक्यांत काटकसर नको.

काही जण म्हणतील, "सर, सुरुवातीलाच गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर तो शेजारी जाईल." जाऊ द्या. शेजाऱ्याकडं त्याचा सायलेन्सर जळाला, की रिम घेऊन तो तुमच्याकडंच येतो. छोट्या गावात शब्द लवकर फिरतो, वाईट फिरतो तसा चांगलाही.

या आठवड्याचा गृहपाठ: वही घ्या आणि तुमच्या तालुक्यातल्या दहा गॅरेज, फॅब्रिकेशन आणि अवजारं विकणाऱ्या दुकानांत जा. महिन्याला कुठले पार्ट किती येतात, रंग कुठं उडतो, आत्ता ते काम कुठं पाठवतात, एवढे तीनच प्रश्न विचारा. वहीच्या मागच्या पानावर तुमची ‘नाही’ची यादी लिहा. मशीनचं कोटेशन त्यानंतर मागवू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, धंदा वाढवा!