साधा चिमटा

दिवाळीला चिरंजीवांना सायकल हवी असते, आणि तीही पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली. दुकानात हँडल दाबले की ते खाली जाते, सोडले की वर येते. या कसरतीवर भलेभले भुलतात.

परंतु वाचकहो, ही सोय डोंगर उतरणाऱ्यांसाठी आहे. वैनगंगेकाठच्या पवनीत शाळा, बाजार, बसस्टँड आणि सुटीच्या दिवशी गोसेखुर्दचे धरण एवढ्याच फेऱ्या करणाऱ्याला तिची गरज काय? १९८१ साली अमेरिकेत निघालेल्या ‘स्टम्पजंपर’ या डोंगरी सायकलीलाही साधाच चिमटा होता. ‘रॉकशॉक्स’चा झटके झेलणारा चिमटा आला तो १९८९ साली. स्वस्त स्प्रिंगवाला चिमटा अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा पोलादी किलो-सव्वा किलोत येतो. शिवाय धूळ आणि पावसाचे पाणी स्प्रिंगेत शिरले की गंज आणि खडखडाट पाठोपाठ आलेच.

बदलायचे ठरले, तर आधी फूटपट्टी घ्यावी. स्वार बसलेला असताना चाकाच्या आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे. नवा चिमटा त्याच लांबीचा हवा. दोन सेंटिमीटर आखूड घेतला, तरी हँडलाचा कल सुमारे अंशभर बदलतो आणि सायकल चंचल होते. पायडलही जमिनीकडे झुकते. मग माथ्यावरच्या नळीची जाडी, लांबी आणि तिला आटे आहेत की नाहीत, हे जुन्याशी ताडून पाहावे. ब्रेक डिस्कचा असेल, तर तो बसवायची जागा चिमट्यावर असलीच पाहिजे. मडगार्डाची भोकेही पाहून घ्यावीत. पावसाळ्यात त्यांची आठवण होते.

धातूंत पोलाद बरे. ते सहसा आधी वाकते, म्हणजे इशारा देते. कार्बनच्या आतली चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. वाकलेला चिमटा तापवून सरळ करून देणारा कारागीर भेटला, तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा आणि चिमटा भंगारात टाकावा. मागचे चाक बिघडले तर माणूस उतरून चालू लागतो. पुढचा चिमटा तुटला तर तो तोंडावर पडतो. काटकसर करायची ती रंगात करावी.

राहिला खड्ड्यांचा प्रश्न. टायर थोडा रुंद घ्यावा आणि त्यात हवा दगडासारखी ठासू नये. गावच्या रस्त्याला एवढी स्प्रिंग पुष्कळ झाली.