ॲट्रॉसिटी कोण करतो?



परवा वाकोल्याच्या टपरीवर चहा पिताना एक गाववाला बोलला, "आमच्याकडं एकानं पाटलाच्या पोरावर ॲट्रॉसिटी केली." मी विचारलं, काय मारलं काय त्याला? तर म्हणतो, "नाय रे, मार यानंच खाल्ला. केस टाकली."

आता बघा. इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे भयंकर क्रौर्य. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा कायदा झाला, १९९० साली लागू झाला. गावानं त्यातला प्रतिबंध गाळला आणि उरलेला अत्याचार तक्रार करणाऱ्याच्या नावावर चढवला. मार खाणारा कर्ता, मारणारा कर्म! असलं व्याकरण मला कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. (शाळा सातवीतच सुटली, ते सोडा.)

फूटपाथवरून घेतलेली डिक्शनरी मी रात्रपाळी सुटल्यावर चाळतो. सॅव्हेज, मुळात रानातला. आपला 'रानटी' त्याचाच भाऊ. बार्बेरियन, ज्याची बोली ग्रीकांना नुसती बर्‌बर्‌ ऐकू यायची तो. व्हिलन, जमीनदाराच्या मळ्यावर राबणारा. म्हणजे शिवी द्यायला रानातला चालतो, परक्या बोलीचा चालतो, शेतात खपणारा चालतो. मळ्याचा मालक कुठाय? इंग्रजानं तर १८७१ साली कायदाच केला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. पारध्याच्या पाठीवरची काठी गेली का?

एकच शब्द मला इमानदार वाटला. आमचं सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. त्याच क्रूसाच्या लॅटिन शब्दावरून असह्य वेदनेला इंग्रजीत एक्सक्रुशिएटिंग म्हणतात. तिथं निदान शब्द खिळे ठोकलेल्याच्या बाजूनं उभा आहे.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चौघं मारले. आपणच लिहितो, पाशवी. अरे, कुठल्या पशूला जात कळते? पशूला कशाला बदनाम करता? भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली सहांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. पण जातीमुळं मारलं, हे दोन्ही कोर्टांनी मानलं नाही. ॲट्रॉसिटीचं कलम लागलंच नाही.

म्हणजे खैरलांजीत ॲट्रॉसिटी झाली नाही, आणि गावात मार खाल्लेल्यानं मात्र ती 'केली'.

मी गाववाल्याला म्हणालो, पुन्हा बोल. पाटलाच्या पोरानं ॲट्रॉसिटी केली, ह्यानं तक्रार केली. तो हसला. "एवढं लांबलचक कोण बोलतंय?"

चहाचे पैसे मीच दिले.