अभ्यासाचा चौथा पाद

महाविद्यालयांच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने वर्षातून दोनदा गजबजतात. एकदा दिवाळीच्या मागेपुढे आणि दुसऱ्यांदा चैत्र-वैशाखाच्या उन्हात. सत्र संपत आले, हे सांगण्यास मग विद्यापीठाच्या परिपत्रकाची आवश्यकता उरत नाही. वर्गातील एखाद्या नेटक्या मुलीची वही या दिवसांत सर्वांची गंगोत्री ठरते आणि तिच्या प्रतींच्याही प्रती, अक्षर पुसट होत जाईपर्यंत, हातोहात फिरतात. शिक्षणाविषयी कुलगुरू, मंत्री, शिक्षणतज्ज्ञ आणि आम्ही पत्रकार पुष्कळ बोलत असतो. त्या दुकानापुढील रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मात्र, 'बाबा रे, तुला या साऱ्याविषयी काय वाटते?' असे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही.

माझ्या परिचयाची एक मुलगी पुण्यात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यातून ती आली, वसतिगृहात राहते आणि मराठी हा तिचा मुख्य विषय आहे. शेवटचा पेपर झाला, गावाकडे जाणाऱ्या एसटीला अद्याप चार-पाच तासांचा अवकाश होता, म्हणून ती आमच्याकडे आली. परीक्षेच्या ओझ्यातून नुकताच सुटलेला विद्यार्थी जे बोलतो त्यात आडपडदा नसतो. निकालाची भीती अजून सुरू व्हावयाची असते. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर फारसा नव्हता. परंतु जे काही ती सहजपणे सांगत गेली, ते आपल्यासारख्या पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी ऐकून घ्यावे असे आहे.

"काका, विषय कळायला लागतो तेव्हा तो संपलेला असतो," ती म्हणाली. हिशेब तिने बोटांवर मोजून दाखविला. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. मग गणपती येतात. गणपती गेले की अंतर्गत चाचणी, तिच्या पाठोपाठ नवरात्र, दिवाळी आणि लगेच परीक्षा. 'सेमिस्टर' हा शब्द मूळचा लॅटिन, सहा महिने असा त्याचा अर्थ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने प्रत्यक्ष अध्यापनाचे आठवडे १५ आणि दिवस ९०. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे ६० तासिका. हे ९० दिवसही कागदावर जितके भरतात तितके वर्गात भरत नाहीत, हे प्राध्यापकही खासगीत मान्य करतात.

त्यातच तिला शिकविणाऱ्या एका तरुण अध्यापकाची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. वर्षानुवर्षे पदे रिक्त राहिल्याने आपल्या महाविद्यालयांचा गाडा अशाच अध्यापकांच्या खांद्यावर चालला आहे. जितके तास घेतले तितके मानधन, त्यामुळे सत्र संपले की त्यांची मिळकतही थांबते. मुलांच्या मनात सुट्टीचा आनंद असतो, तेव्हा गुरुजींच्या घरी किराण्याची विवंचना असते. "सर शेवटच्या तासाला म्हणाले, पुढच्या सत्रात मी असेन की नाही, ठाऊक नाही," हे सांगताना तिचा आवाज उतरला. गुरुपौर्णिमेची भाषणे करणाऱ्या आपण सर्वांनी याची थोडी तरी लाज बाळगावयास हवी.

या ठिकाणी, वार्षिक परीक्षाच बरी होती, असे म्हणण्याचा मोह माझ्या पिढीच्या कोणासही होईल. मी स्वतः त्याच पद्धतीने पदवीधर झालो. पण त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जून ते फेब्रुवारी चहाच्या टपरीवर आणि मार्चमध्ये 'अपेक्षित प्रश्नसंचा'वर, असा आमच्यापैकी अनेकांचा अभ्यासक्रम होता, आणि तीन तासांत वर्षाचे भवितव्य ठरत असे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या शिक्षण आयोगाने, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षापद्धतीची, असा अभिप्राय १९४९ मध्येच नोंदविला होता. तो काही उगाच नव्हे.

या मुलीने तर याहून मार्मिक मुद्दा मांडला. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या एका विषयात ती अनुत्तीर्ण झाली होती. एटीकेटी मिळाली आणि पुढच्या सत्रात तो विषय सुटला. "पूर्वीसारखे वर्ष वाया गेले असते तर घरच्यांनी स्थळे बघायला सुरुवात केली असती," ती हसत म्हणाली. हसण्यावारी नेण्याजोगे ते वाक्य नव्हते. ग्रामीण भागातील मुलीचे वर्ष वाया जाणे म्हणजे पुष्कळदा शिक्षणच संपणे असते. सत्रपद्धतीने हा दोर थोडा लांब केला, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय आहे. मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सवलत मोलाची आहे. मात्र दारातून बाहेर कोण पडणार, याचा विचार घराघरांत व्हावयास हवा. भावाची पदवी पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि बहिणीला 'पदविका मिळाली ना, पुरे झाले' म्हणायचे, असे होऊ लागले तर दोष धोरणाचा नसेल, आपला असेल. या मुलीच्या मैत्रिणीच्या घरी ही भाषा सुरूही झाली आहे.

असो. मूळ मुद्दा वेळेचा आहे.

विद्या कशी पूर्ण होते हे सांगणारे एक सुभाषित आपल्याकडे प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की विद्येचा एक पाद, म्हणजे चौथा हिस्सा, आचार्यांकडून मिळतो, दुसरा शिष्य आपल्या बुद्धीने मिळवितो, तिसरा सहाध्यायींच्या संगतीत आणि चौथा कालक्रमाने. आजच्या श्रेयांकांच्या चौकटीत पहिल्या पादाची मोजणी आहे. तासिका मोजता येतात. प्रकल्प, गटचर्चा, अंतर्गत मूल्यमापन यांच्या रूपाने दुसऱ्या आणि तिसऱ्या पादाचीही काही व्यवस्था केलेली दिसते. चौथा पाद मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही. शिकलेले मनात मुरावे, त्यातून प्रश्न निघावेत, काही विसरावे आणि उरलेले आपले व्हावे, यासाठी रिकामा काळ लागतो. एक सत्र संपताच दुसऱ्याचे वेळापत्रक समोर येते, तेथे हा काळ आणावयाचा कोठून?

आपल्या प्राचीन अध्ययनपद्धतीतही सत्रे होती, याची येथे आठवण होते. श्रावणी पौर्णिमेस उपाकर्म करून वेदाध्ययनास आरंभ करावयाचा आणि साडेचार महिन्यांनी, पौषात किंवा माघात, त्याचे उत्सर्जन करावयाचे, असे धर्मशास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. त्यानंतर शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगे असा क्रम असे. शिवाय अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे अनध्यायाचे दिवस. नवे पाठ बंद, असा काळ तेथे नियमानेच राखून ठेवलेला होता. ज्या मुलीविषयी मी लिहितो आहे तिला त्या व्यवस्थेत प्रवेश मिळाला नसता, हेही येथेच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. आज ती शिकते आहे हे त्या काळापेक्षा निश्चितच चांगले आहे. परंतु अनध्याय हा अध्ययनाचाच भाग आहे, ही त्या आचार्यांची जाण मात्र घेण्यासारखी होती.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. नव्या आराखड्यात 'भारतीय ज्ञान परंपरा' हा विषय समाविष्ट झाला, याचा आनंद या साप्ताहिकाच्या वाचकांना झाला असणार आणि तो रास्तच आहे. कित्येक वर्षे त्यासाठी लेख लिहिले गेले, परिसंवाद झाले. महाराष्ट्रात त्यास दोन श्रेयांक, म्हणजे ३० तासिका मिळाल्या. मी उत्सुकतेने तिला विचारले, काय शिकलीस? तिने प्रामाणिकपणे सांगितले, "नावे पाठ झाली, काका. आर्यभट, चरक, सुश्रुत, भास्कराचार्य, आणि कोणी कोणता ग्रंथ लिहिला ते. आर्यभटाचे नाव आले; त्याचे गणित नाही आले."

वास्तविक आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' रचले. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ होतो, हे त्यात सांगितले आहे. भागाकार केला की ३.१४१६ मिळतात. यापुढची गोष्ट अधिक विस्मयाची आहे. हे उत्तर देताना त्याने 'आसन्न' हा शब्द योजला, म्हणजे अगदी जवळचे. नेमके उत्तर हाती लागलेले नाही, हे तो स्वतः सांगतो. तो तेवढ्यावर का थांबला असेल, जवळ म्हणजे किती जवळ, इतक्या जवळ तो कसा पोहोचला असेल, यावर चांगला शिक्षक आठवडाभर बोलू शकेल आणि मुलांना दोरी व थाळी घेऊन परीघ मोजावयास बसवू शकेल. त्याऐवजी 'आर्यभटीय हा ग्रंथ कोणी लिहिला?' असा प्रश्न येतो, ग्रंथाच्या नावातच त्याचे उत्तर असते, आणि त्यासाठी गुण मिळतात. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो तिची अशी गाईडमधील उत्तरे होऊन बसली, तर विरोधकांनी केलेल्या उपेक्षेपेक्षा ही हानी मोठी ठरेल. उपेक्षिलेल्या गोष्टीविषयी निदान कुतूहल शिल्लक राहते. घोकून विसरलेल्या गोष्टीकडे कोण परत वळतो?

अंतर्गत मूल्यमापनाची कथा तिने थोडक्यात सांगितली. निम्म्या वर्गाने निबंध मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतले, सरांना ते वाचण्यास वेळ नव्हता, सर्वांना सारखे गुण मिळाले. "लिहिणारा माणूस नाही आणि वाचणाराही नाही," असे ती म्हणाली. यावर माझ्याकडे भाष्य नाही.

तिच्या अभ्यासक्रमात विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी होती. १९३९ सालची ही छोटेखानी कादंबरी दोन बैठकींत वाचून होते. चक्रधर आणि हॅर्टा यांची व्यक्तिचित्रे तिला मुद्देसूद पाठ होती, कादंबरीचे वेगळेपण पाच वाक्यांत सांगता येत होते. पण कादंबरी तिने वाचलेली नव्हती. वर्गातील बहुतेकांनी वाचली नव्हती. ग्रंथालयात प्रती थोड्या, आणि त्या हाती येईपर्यंत चाचणी आलेली. पेपर लिहिताना मात्र तिला वाटले, की ज्या मुलीच्या दुःखाविषयी आपण दहा गुणांचे उत्तर लिहितो आहोत तिला आपण भेटलोच नाही. आता सुट्टीत वाचायची, असे तिने ठरविले. ती ग्रंथालयात गेली तेव्हा तिला पुस्तक मिळू शकले नाही. नियम असा, की हॉल तिकीट हवे असेल तर सत्राअखेर सर्व पुस्तके जमा करावयाची आणि नव्या सत्राचे प्रवेश होईपर्यंत कोणासही पुस्तक द्यावयाचे नाही.

हा नियम पुष्कळ महाविद्यालयांत आहे. ग्रंथपालांची अडचण मी जाणतो. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. तरीही विचार करून पाहा, विद्यार्थ्याला जेव्हा खरोखर वाचावयास सवड असते नेमके तेवढेच दिवस महाविद्यालयाची कपाटे कुलूपबंद असतात. चौथ्या पादाच्या दारालाच हे कुलूप आहे.

आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट घरातली. सुट्टी लागली की मुलाला एखाद्या अल्पमुदतीच्या वर्गात घालण्याची घाई आपण पालक करतो. ती थोडी आवरावी. आमच्या कार्यकर्त्यांनाही सुट्टी दिसली की शिबिर सुचते. शिबिरे व्हावीत, मीही अनेक शिबिरांत घडलो. पण वेळापत्रकात दुपारचे दोन तास मोकळे ठेवण्यास हरकत नसावी. आणि तरुण मुलगा गच्चीवर नुसता बसलेला दिसला तर लगेच त्यास कामाला लावू नये.

दुसरी गोष्ट संस्थाचालकांची, आणि त्यांत या साप्ताहिकाचे वाचक पुष्कळ आहेत. शेवटच्या पेपरच्या दिवशी ग्रंथालय सायंकाळपर्यंत उघडे ठेवावे आणि प्रत्येक विद्यार्थ्यास सुट्टीसाठी दोन पुस्तके द्यावीत. हरवले तर पुढील हॉल तिकिटाच्या वेळी किंमत वसूल करता येते. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावयास नको, प्राचार्यांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते. खेड्यापाड्यांतील 'क' आणि 'ड' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही शहरातून सुट्टीवर आलेल्या मुलांना, वर्गणी न घेता, महिन्याभराचे सभासदत्व द्यावे. पुस्तके तेथे असतात, वाचक नसतात.

एसटीची वेळ झाली तेव्हा माझ्या कपाटातील 'रणांगण'ची जुनी प्रत मी तिला दिली. पाने पिवळी झाली आहेत, बांधणी सैल आहे. परत केव्हा करू, असे तिने विचारले. पुढच्या सत्राचे वर्ग किती तारखेला सुरू होणार हे तिलाही अजून ठाऊक नव्हते, त्यामुळे तो विषय तेथेच राहिला.