पेढीचा दुसरा उंबरठा

पेढीच्या दर्शनी भागाकडे लक्ष देण्याची रीत व्यापारी घराण्यांत जुनी आहे. दिवाळीपूर्वी रंग लावावा, पाटी पुसून घ्यावी, गादीवरची खोळ बदलावी, जिन्यातला दिवा गेला असेल तर त्याच दिवशी नवा आणावा, हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद अथवा दंतवैद्य होऊन स्वतःचे छोटे कार्यालय थाटते, तेव्हा त्या कार्यालयाला रस्त्यावरच्या दाराखेरीज आणखी एक दार असते आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी वळूनही पाहत नाही. ते दार म्हणजे संकेतस्थळ. नवा अशील कार्यालयाचा जिना चढण्याआधी पुष्कळदा तेथूनच आत डोकावून गेलेला असतो.

बाजारपेठेच्या एखाद्या गावातील लेखापाल पिता-कन्येचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. किरकोळ फरकाने ते अनेक घरांना आपलेच वाटेल. वडिलांच्या व्यवसायाला तीस वर्षे उलटून गेली आहेत, कन्या परीक्षा उत्तीर्ण होऊन नुकतीच त्यांच्यासोबत बसू लागली आहे. संकेतस्थळ दहा-बारा वर्षांपूर्वी नात्यातल्या कोणाच्या ओळखीने करून घेतलेले. उघडले की वरच्या बाजूस सरकती चित्रे: काचेच्या उंच इमारती, हस्तांदोलन करणारे परदेशी गृहस्थ, गणकयंत्रावर ठेवलेले पेन. त्याखाली स्वागताचे दोन परिच्छेद. सेवांच्या यादीत व्हॅट आणि सेवाकर अद्याप विराजमान. हे दोन्ही कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाले, याची वार्ता त्या पानापर्यंत पोहोचलेली नाही. दूरध्वनी क्रमांक आहे, पण तो अगदी तळाशी आणि चित्राच्या आत कोरलेला. मोबाइलवर त्याला बोट लावले तर फोन लागत नाही.

कन्येने हे सारे बदलण्याचा विषय काढला, तेव्हा वडिलांचे उत्तर अपेक्षित तेच होते. “आपल्याकडे माणूस ओळखीने येतो. संकेतस्थळ बघून कोण येतं?” त्यावर ती म्हणाली, “ओळखीने नाव मिळतं, पप्पा. नाव मिळाल्यावर माणूस आधी ते मोबाइलवर टाकून बघतो, मग फोन करतो.” दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वादात बहुधा असेच असते.

पुढे तिने एका तरुण संकल्पकाकडून नमुना करून घेतला. काळी पार्श्वभूमी, सोनेरी बारीक अक्षरे, पान खाली सरकवावे तसतशी हळूच उमलत जाणारी वाक्ये. नमुना देखणा होता आणि तिला मनापासून आवडलाही. तो स्वीकारण्यापूर्वी वडिलांनी एकच अट घातली: बाजारातल्या जुन्या मुनीमजींना तो दाखवावा. त्यांच्या स्वभावातला संशय येथे कामी आला.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेले एक मत या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पाच माणसांना समोर बसवून संकेतस्थळ वापरायला लावले, तरी त्यातील बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. मात्र मध्ये बोलायचे नाही. ‘वर बघा’, ‘तिथे दाबा’ असे काहीही सुचवायचे नाही. केवळ एक काम सांगायचे आणि माणूस कोठे अडतो ते पाहत राहायचे. मुनीमजींना काम दिले ते साधे होते: “शेठना जीएसटीची नोटीस आली आहे. साहेबांना भेटायचं आहे. काय कराल?”

मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, मोबाइल खिडकीकडे धरला. उन्हात सोनेरी बारीक अक्षरे दिसेनात. उमलणारे वाक्य पुरे होण्याची वाट न पाहताच त्यांचे बोट पुढे सरकले. सेवांच्या पानावर ‘टॅक्सेशन अ‍ॅडव्हायझरी’, ‘कम्प्लायन्स सोल्युशन्स’, ‘अ‍ॅश्युरन्स’ असे तीन चौकोन होते. ते तिन्हींवरून फिरले आणि एकही न उघडता परत आले. “नोटीस कुठे लिहिलंय?” असे त्यांनी विचारले. उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून पिता-कन्या गप्प राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “मी सरळ येऊनच जातो.”

मुनीमजी चालत येऊ शकतात, कारण त्यांना जिना ठाऊक आहे. पन्नास किलोमीटरवरच्या गावातील भुसार व्यापाऱ्याचा मुलगा रात्री नऊ वाजता हातात नोटीस घेऊन शोधत असेल, तर तो पुढच्या नावाकडे जाईल. परताव्यातील तफावतीबद्दल एएसएमटी-१० या नमुन्यात येणाऱ्या नोटिशीला उत्तर देण्याची मुदत साधारणतः ३० दिवसांची असते. ती पोर्टलवर पडल्यापासून आधीच कितीतरी दिवस कोणी पाहिलेली नसते. त्या घडीला त्याला कार्यालयाचे ध्येय आणि दृष्टी वाचायची नसते. आपले काम येथे होईल का, कोणते कागद घेऊन यावे, उद्या किती वाजता कोण भेटेल, एवढेच त्याला हवे असते.

येथून पुढे कामाची दिशा बदलली. कन्येने सेवांची यादी बाजूला ठेवली आणि कार्यालयात येणारा माणूस खुर्चीत बसताना पहिले वाक्य कोणते बोलतो, ते दोन आठवडे एका वहीत टिपून ठेवले. ‘जीएसटीची नोटीस आली आहे.’ ‘नवं दुकान टाकायचंय.’ ‘बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते आहे.’ ‘भावाभावांत भागीदारी मोडायची आहे, पण भांडण नको.’ पहिल्या पानावर हीच वाक्ये आली, जशीच्या तशी. वडिलांना ती फार साधी वाटली; मोठ्या शहरातील कार्यालये असे लिहीत नाहीत, असे ते म्हणाले. ते खरेच आहे, मोठी कार्यालये तसे लिहीत नाहीत. त्यांचा अशील निराळा असतो.

त्या वहीतील एका वाक्यासाठी तिने स्वतंत्र पान लिहिले: ‘वडील गेले, दुकान आता माझ्या नावावर करायचं आहे.’ एकट्या मालकाच्या नावावर चालणारा धंदा असेल, तर मालकाच्या मृत्यूनंतर त्यांचा जीएसटी क्रमांक मुलाच्या नावावर चढत नाही. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज ३० दिवसांच्या आत करावा लागतो. जुन्या खात्यात शिल्लक असलेला करपरतफेडीचा हक्क आयटीसी-०२ या नमुन्याद्वारे नव्या खात्यात आणता येतो आणि त्यानंतर जुनी नोंदणी रद्द करावयाची असते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१९ मधील परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. परंतु उठावणा झाल्यावर दुकानाचे शटर वर करणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? तो वडिलांच्याच क्रमांकावर बिले फाडत राहतो. महिने निघून जातात आणि गुंता वाढतो. त्या पानावर काय करावे ते क्रमाने लिहिले, लागणारे कागद दिले आणि सुरुवातीला सांत्वनाचे एकच वाक्य ठेवले. सजावट काहीच केली नाही. संपूर्ण संकेतस्थळात वडिलांनी न सुचवता, न खोडता मान्य केलेले पान हे एकच.

रंगरूपाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. पांढरी पार्श्वभूमी, गडद अक्षरे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष आहे आणि ते मोजण्याची साधने फुकट मिळतात. सोनेरी रंग मथळ्याखालच्या एका रेघेपुरता उरला. सरकती चित्रे गेली, अभ्यागतांची संख्या दाखवणारे यंत्र गेले. परदेशी गृहस्थांच्या जागी कार्यालयाच्या इमारतीचे साधे छायाचित्र आले, ज्यात खालचे औषधाचे दुकान दिसते, म्हणजे प्रथमच येणाऱ्याला जिना सापडतो. चित्रे कमी झाल्याने पान लवकर उघडू लागले. गावाकडच्या दुबळ्या नेटवर्कवर हा लाभ थोडा नव्हे. क्रमांक वर आला आणि बोट लावताच फोन लागू लागला.

मराठी मजकुराची गोष्ट मात्र निराळी. जुन्या संकेतस्थळावर मराठीचे एक पान होते, पण ते छापखान्यात वापरतात तशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले. तो फॉन्ट ज्याच्या यंत्रात नाही, त्याला तेथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. शोध घेणाऱ्यालाही ते पान सापडणे शक्य नव्हते, कारण शोधयंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. युनिकोडमध्ये पुन्हा टंकल्यावर हा दोष गेला. देवनागरीला वरखाली मात्रा आणि उकार असल्याने इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींतील अंतर तिला अपुरे पडते, हेही तेव्हाच ध्यानात आले. अंतर थोडे वाढवल्यावर मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवण्याचे थांबवले.

काय लिहू नये, हा विषय अशा व्यवसायांत रंगांपेक्षा महत्त्वाचा आहे. कापडाच्या दुकानदाराने ‘पंचक्रोशीत एक नंबर’ असे लिहिले तर कोणी हरकत घेत नाही. सनदी लेखापालाला ती मोकळीक नाही. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीतील सहावे व सातवे कलम अशील मिळवण्यासाठी याचना आणि जाहिरात करण्यास आडकाठी करते. त्यांच्या संस्थेने संकेतस्थळाला परवानगी दिली तीही ‘जो शोधत येईल त्याला दाखवा, कोणाच्या दारी नेऊन टाकू नका’ या तत्त्वावर, आणि अशिलांची नावे व शुल्क झळकवण्यास मज्जाव करून. या मार्गदर्शक सूचना वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून मजकूर चढवण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला पाठ वाचणे हे संकल्पकाचे नव्हे, सभासदाचे काम. वकिलांनाही बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने जाहिरात वर्ज्य आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यांना ठरावीक माहितीपुरते संकेतस्थळ ठेवता येऊ लागले. तरुण संकल्पकाने ‘समाधानी अशिलांचे अभिप्राय’ असा सुंदर चौकोन आखला होता. तो कन्येने काढला, तेव्हा त्याला वाईट वाटले. वडिलांना मात्र पहिल्यांदाच मुलीचा हिशेब आपल्यासारखा वाटला.

संपर्काच्या नमुन्यातून पॅन आणि आधार कार्डांची छायाचित्रे मागवण्याची सोयही अशीच मागे घेतली गेली. जुन्या संकेतस्थळाला कुलूपबंद जोडणी नव्हती. २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा संकेतस्थळांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवतो आणि तो शेरा रास्त आहे. नवी जोडणी सुरक्षित झाली, तरीही नमुन्यात नाव, गाव, क्रमांक आणि कामाची एक ओळ यापलीकडे काही मागायचे नाही, असे ठरले. जी कागदपत्रे आपल्याकडे आलीच नाहीत, ती सांभाळण्याची जोखीमही आपल्यावर येत नाही.

शेवटी जो अडथळा आला, त्याची कल्पना दोघांपैकी कोणालाही नव्हती. नवे संकेतस्थळ तयार झाले, पण ते जुन्या पत्त्यावर चढवता येईना. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंदणी कार्यालयाच्या नावे नव्हतीच. ज्याने दहा वर्षांपूर्वी ते करून दिले, त्याने ती आपल्या नावे, आपल्या ईमेलवर घेतली होती. दरवर्षी तो पैसे मागे, दरवर्षी ते दिले जात. आता त्याने धंदा बदलला होता आणि फोन उचलत नव्हता. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर लोकांना ‘सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा’ असे सांगितले, त्यांच्या स्वतःच्या पाटीचा मालक दुसराच निघाला. पावत्यांवर, लेटरहेडवर, ईमेलच्या पत्त्यात तेच नाव. मुदत संपण्यास दोन महिने होते. नूतनीकरण झाले नसते, तर ते नाव सुटून कोणाच्याही हाती गेले असते. नात्यातल्या मध्यस्थाला घेऊन कन्या त्याच्या घरी गेली. एक चहा, थोडे जुने हिशेब, आणि नोंदणी वडिलांच्या नावे वर्ग झाली. सर्वांच्या वाट्याला इतका सोपा शेवट येत नाही. ज्या घरांत असे संकेतस्थळ आहे, त्यांनी नोंदणीच्या खात्यात स्वतःच्या पासवर्डने प्रवेश होतो का, हे आजच संध्याकाळी पाहावे. नोंदणी एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते.

संकेतस्थळ चालू झाल्यावर मुनीमजींना पुन्हा बोलावले गेले. काम तेच. त्यांनी पान उघडले, ‘नोटीस आली आहे’ या ओळीवर बोट ठेवले, कोणते कागद आणावेत ते वाचले आणि वरच्या क्रमांकाला स्पर्श केला. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. वडिलांनी तो उचलला नाही. आधी घड्याळात पाहिले.

पानाच्या तळाशी आता ‘मजकूर शेवटचा तपासला’ अशी एक ओळ आणि तारीख असते. दरमहा २० तारखेला ३बी परतावे भरण्याची घाई संपली की २१ च्या सकाळी कन्या सारी पाने वरून खाली वाचते आणि ती तारीख बदलते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा ते वाचन दुपारपर्यंत लांबले, आणि चहा टेबलावरच थंड झाला.