पिंपळगावे अनेक, कुंभार पिंपळगाव एक : ऐतिहासिक गेमच्या मुखचित्राविषयी

#थ्रेड #इतिहास #मराठी

१/
महाराष्ट्रात पिंपळगावे कितीतरी आहेत. म्हणून लोकांनी नावाला एकेक शब्द जोडला. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई, त्याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव. एक शब्द ओळखीचा, दुसरा नेमका. ऐतिहासिक गेमच्या मुखचित्रालाही हे दोन्ही शब्द लागतात. आज बहुतेक चित्रांत पहिलाच असतो.

२/
मुखचित्र म्हणजे ऑनलाइन दुकानात गेमचे जे पहिले चित्र दिसते ते. स्टीमवर त्याला कॅप्सूल म्हणतात. पानाच्या माथ्यावरचे चित्र ९२० × ४३० पिक्सेलचे असते. यादीत दिसणारे छोटे चित्र ४६२ × १७४ चे द्यावे लागते आणि काही ठिकाणी ते आक्रसून १२० × ४५ इतके उरते. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत गेमचे भवितव्य ठरते.

३/
मोठ्या कंपनीला हा चौकोन फसला तरी जाहिरात तारून नेते. स्वतंत्रपणे गेम करणाऱ्या दोन-तीन जणांच्या चमूपाशी दुसरे काही नसते. समजा, कुंभार पिंपळगावातल्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्यातील असईच्या लढाईवर डावपेचांचा गेम केला. त्याच्या मुखचित्रावर काय असावे?

४/
ठरलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. मागचे दोन पाय रोवून उभा राहिलेला घोडा, उगारलेली तलवार, मागे डोंगरी किल्ला, आकाशात भगवी आग. चित्र देखणे होईल. पण ते असईचे नसेल. ते कोणत्याही लढाईचे असू शकेल, म्हणजेच कोणत्याही लढाईचे नसेल.

५/
२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. रणांगण केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होते. तेथे डोंगरी किल्ला नव्हता.

६/
मावळेही नव्हते. शिवाजी महाराजांच्या निधनाला तोवर सव्वाशे वर्षे होत आली होती. शिंद्यांचे पायदळ ही कवायती फौज होती : खांद्यावर बंदुका, युरोपीय पद्धतीची शिस्त, हॅनोव्हरहून आलेल्या पोलमनचे नेतृत्व आणि दिमतीला शंभराच्या आसपास तोफा. मुखचित्रावर ढाल-तलवारीचा मावळा रंगवला, तर शतकच चुकले.

७/
लढाईचा कस एका निर्णयात होता. मराठी फौज केळणेच्या पलीकडच्या काठावर उभी होती आणि दुसरा उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. माणसे इतक्या जवळ राहत असतील, तर येण्या-जाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार सापडला. ब्रिटिश लेखनात ही गावे ‘पीपलगाव’ आणि ‘वारूर’ अशी येतात. म्हणजे असईच्या कथेतही एक पिंपळगाव आहेच.

८/
मुखचित्र येथे आहे. वरून दिसणारी नदी, दोन काठांवरची दोन गावे, मधून पाण्यात उतरणारी रांग आणि पलीकडे तोफांची ओळ. खेळणाऱ्याला गेममध्ये जो प्रश्न सोडवायचा आहे, तोच चित्रात दिसतो : येथून पार होता येईल का? चांगले मुखचित्र नायकाची तसबीर दाखवत नाही, खेळणाऱ्यापुढचा पेच दाखवते.

९/
दुसरी बाजूही तितकीच चित्रमय आहे. शत्रू बगलेवर उतरतो आहे, हे कळताच पोलमनने आपली रांग काटकोनात वळवून नवी आघाडी उभी केली. कवायती फौजेच्या शिस्तीचा हा पुरावाच. ब्रिटिश रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीची सुमारे १६०० माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. उतारवयातही तो असईला आपली सर्वोत्तम लढाई मानत असे.

१०/
या गोलंदाजांची नावे सर्वसाधारण पुस्तकांत नाहीत. असईची चित्रे प्रामुख्याने विजेत्यांनी काढली आणि त्यांच्या मध्यभागी घोड्यावरचा वेलस्ली राहिला. जालन्याच्या मुलाने काढलेल्या चौकोनात मध्यभागी तोफेखालून उठणारा गोलंदाज असेल, तर तो बाजारासाठीचा निर्णय असेलच. इतिहासात कोणाला जागा द्यायची, याचाही तो निर्णय असेल.

११/
एका नजरेत ग्राहक थांबवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर स्वतः चित्रपटांची पोस्टरे रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपोस्टरांत गणले जाते. पुढे दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’च्या आणि असंख्य पुस्तकांच्या मुखपृष्ठांतून हेच केले. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला टांगलेला अंक गाडी सुटायच्या आत नजरेत भरावा लागे. स्टीमची यादी ही त्या दोरीचीच नवी आवृत्ती.

१२/
यावरचा आक्षेप रास्त आहे. ग्राहक ओळखीच्या खुणा शोधतो. नदी आणि दोन गावे पाहून हा कोणता गेम, हे त्याला कळणार नाही. खरे आहे. म्हणूनच वरून दिसणारी भूमी आणि सैन्याच्या रांगा हव्यात. त्यांवरून डावपेचांचा गेम ओळखू येतो. हे झाले ‘पिंपळगाव’. नदीचा उतार आणि कवायती गोलंदाज हा त्यातला ‘कुंभार’. केवळ ओळखीचे असलेले चित्र गर्दीत हरवते आणि केवळ नेमके असलेले चित्र कोडे बनते.

१३/
पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. गेमचा साचा जगाच्या ओळखीचा : शत्रूंशी लढत पुढे सरकणारी नायिका. पण भिंतींवर पहाडी शैलीची आठवण देणारी चित्रे, वास्तू राजस्थानी आणि कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात. द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराचे नामांकन त्याला मिळाले. नेमकेपणा बाजाराला परका नसतो.

१४/
कारागिरीचे नियम थोडे आहेत. चित्रात एकच केंद्र असावे. चित्र १२० पिक्सेलवर आणून पाहावे, मग रंग काढून कृष्णधवल करून पाहावे. तरीही आकार ओळखू आला, तर रचना टिकली. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराचा गाभा लहान होतो. म्हणून नाव दोन शब्दांचे, जाड वळणाचे आणि नक्षीविना असावे. ‘असई १८०३’ पुरेसे आहे.

१५/
सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने मुखचित्रावर पुरस्कारांची चिन्हे, परीक्षणांतील गुण आणि सवलतीचा मजकूर छापण्यास मनाई केली आहे. गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. छोट्या निर्मात्यासाठी हा नियम उपकारकच, कारण शिफारशींचे शिक्के गेले की चित्राला स्वतः बोलावे लागते.

१६/
खोटे बोलण्याची किंमतही ठरलेली आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांत परत करता येतो. मुखचित्रावर घनघोर हातघाई आणि आत शांतपणे सोंगट्या सरकवणे, असे निघाले, तर पैसे परत जातात आणि नाराजीचा अभिप्राय मागे उरतो. मुखचित्र हे वचन आहे आणि ते मोडले की पहिल्याच तासात उघडे पडते.

१७/
इतिहासाला दिलेले वचन मोडले, तर मात्र पैसे परत मागणारे कोणी नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘मराठा युद्ध’ एवढेच सांगितले, तर ती पाहिलेल्या हजारो चित्रांची सरासरी पुढे ठेवते : तोच घोडा, तीच आग. अशा साधनांचा वापर जाहीर करण्याची अट स्टीमने घातली आहे. पण जाहीर केल्याने चुकलेले शतक दुरुस्त होत नाही. असईचे नाव न ऐकलेला मुलगा तो चौकोन पाहतो आणि १८०३ साल त्याच्या मनात तसेच बसते.

१८/
म्हणून ऐतिहासिक गेम करणाऱ्याने चित्रकाराला पहिला प्रश्न ‘भव्य कसे दिसेल?’ हा विचारू नये. ‘हे दुसऱ्या कोणत्या लढाईचे असू शकते का?’ असा विचारावा. उत्तर ‘हो’ आले, तर चित्र अजून अपुरे आहे. पिंपळगाव झाले, कुंभार राहिला.

(समाप्त)