मूळ अ‍ॅक्सल परत बसवणे हा बदल कसा?

एका वाचकाकडे १९४४ सालची विलीस एमबी आहे. चासी क्रमांक आरसी बुकाशी जुळतो, इंजिन मूळचे गो-डेव्हिल, बॉडीही त्याच गाडीची. मागचा अ‍ॅक्सल तेवढा परका होता. केव्हातरी मूळचा स्पायसर २३-२ निकामी झाला आणि त्या वेळच्या मालकाने हाताशी होता म्हणून सीजे-३बीचा सेमी फ्लोटिंग अ‍ॅक्सल खाली टाकला. रोजच्या कामाची गाडी, ती बंद ठेवून चालणार नव्हते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आजच्या मालकाने बरीच शोधाशोध करून फुल फ्लोटिंग हाउसिंग, दोन्ही शाफ्ट, हब आणि ड्रम असा संच जमवला, बसवला आणि विंटेज नोंदणीसाठी गाडी तपासणीला नेली. निरीक्षकांनी मागच्या फेरनोंदणीच्या फायलीतला फोटो काढला, हबकडे बोट दाखवले आणि शेरा मारला : मागचा अ‍ॅक्सल बदललेला आहे, गाडी मूळ स्वरूपात नाही.

म्हणजे चुकीचा अ‍ॅक्सल तसाच राहू दिला असता तर गाडी ‘मूळ’ ठरली असती. हा निव्वळ तर्क नाही. दुसऱ्या एका वाचकाने कळवले आहे की त्यांच्या एमबीला मागे आजही सेमी फ्लोटिंग अ‍ॅक्सल आहे आणि तिच्या तपासणीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ज्याने मेहनत करून गाडी कारखान्यातून निघाली तशी केली तो अडकला, ज्याने काहीच केले नाही तो सुटला. गेल्या काही महिन्यांत या धर्तीची पत्रे इतकी आली आहेत की हे एखाद्या कार्यालयापुरते आहे असे मानता येत नाही.

पहिल्या वाचकाने पुरावा म्हणून अमेरिकी लष्कराची फेब्रुवारी १९४४ ची टीएम ९-८०३ ही पुस्तिका पुढे ठेवली. त्यात मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग असल्याचे आकृतीसह दिलेले आहे. उत्तर मिळाले, ‘हे चालणार नाही, कंपनीचे पत्र आणा.’ कोणत्या कंपनीचे? विलीस-ओव्हरलँड १९५३ मध्ये कायझरकडे गेली. कायझरचा जीपचा धंदा १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने घेतला आणि ती कंपनी १९८७ मध्ये क्रायस्लरने. युद्धात बनलेल्या आणि युद्धानंतर लष्करी शिल्लक माल म्हणून विकल्या गेलेल्या गाडीच्या अ‍ॅक्सलबद्दल आज पत्र कोण देणार? महिंद्रांकडे जावे तर ही गाडी त्यांनी बनवलेली नाही. जे पत्र मिळूच शकत नाही ते मागणे म्हणजे अर्ज फेटाळणेच, फक्त तसे लिहून न देता.

नियम काय म्हणतो ते वाचून पाहावे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीने केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठी फेरजुळणी न झालेली गाडी विंटेज. मोठ्या फेरजुळणीत काय मोडते हेही तिथेच सांगितले आहे : चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांतला बदल. अ‍ॅक्सलचा उल्लेख नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये घेता, व्हीए मालिकेचा क्रमांक देता, गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही अशी अट घालता, तर निदान लिहिलेला नियम तरी लिहिल्याप्रमाणे लावा.

काही ठिकाणी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पुढे केले जाते आणि सोबत त्यावरच्या जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला जातो. तो निकाल आम्हाला मान्य आहे, तो असायलाच हवा. पण ते कलम उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून दूर नेणाऱ्या फेरफाराबद्दल आहे. एमबीला २३-२ परत बसवला की गाडी उत्पादकाच्या तपशिलाकडे येते. तुलना करायची ती कारखान्याच्या पुस्तिकेशी आणि सुट्या भागांच्या यादीशी. मागच्या वेळी कोणीतरी काढलेल्या फोटोशी नव्हे. परिवहन खात्याने एवढे एक वाक्य परिपत्रकात घातले तर निरीक्षकांचाही त्रास वाचेल, कारण त्यांच्यापैकी अनेकांना योग्य काय ते कळते, पण सही करायला आधार नसतो.

आता आपल्याकडे. आलेल्या पत्रांसोबतचे फोटो आम्ही बारकाईने पाहिले आणि स्पष्ट सांगतो, ‘फुल फ्लोटिंग बसवला’ म्हणणाऱ्या सगळ्यांच्या गाडीखाली फुल फ्लोटिंग नाही. मधोमध किल्लीवर बसलेला ड्रम, त्यावर कॅसल नट आणि स्प्लिट पिन दिसत असेल तर तो टेपर शाफ्टचा सेमी फ्लोटिंग आहे, विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. आपल्याला हवा त्याच्या हबवर शाफ्टचा फ्लँज सहा बोल्टांनी आवळलेला असतो. ते सहा बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढला तरी चाक जागेवर राहते, कारण गाडीचे वजन हाउसिंगच्या नळीवरच्या दोन टेपर बेअरिंगांवर असते आणि शाफ्टकडे फक्त पीळ जातो. घाटात शाफ्ट तुटला तर तुकडे काढून, पुढच्या अ‍ॅक्सलवर गाडी घरी आणता येते. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला की चाक ड्रमसकट निघून जाते. हा संच मिळवायला लोक एवढी धडपड करतात ती या कारणाने, केवळ हौसेने नव्हे.

तरीही खरेदी करताना हात आखडता घेतला जातो तो माल तपासण्यात. नळीच्या टोकावर बेअरिंग बसते ती जागा नखाने चाचपून पाहा. खाच लागली, निळसर भाजल्याची खूण दिसली तर ते हाउसिंग सोडा. शाफ्टचे स्प्लाइन डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने पाहा, पीळ पडलेला असेल तर सरळ रेषा वाकडी झालेली लगेच कळते. एमबीचा डिफरन्शियल उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे उजवा शाफ्ट आखूड आणि डावा लांब. एकाच बाजूचे दोन शाफ्ट ‘जोडी’ म्हणून घेऊन आलेले सभासद आम्हाला माहीत आहेत. डाव्या हबचे चाकाचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, तेवढ्यावरून हब कोणत्या बाजूचा ते ओळखता येते. बेअरिंगची मात्र चिंता नको. १८५९० कोन आणि १८५२० कप, पुढे-मागे चारही चाकांना तेच, आणि नवे मिळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक क्राउन-पिनियनची आहे. एमबीचे प्रमाण ३९ दात आणि ८, म्हणजे ४.८८. सीजे-२ए आणि सीजे-३बीचे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. सुरुवातीच्या काही सीजे-२ए गाड्यांना मागे फुल फ्लोटिंगच होता, त्यामुळे बाहेरून अस्सल दिसणाऱ्या हाउसिंगमध्ये ४३ दातांचा क्राउन निघू शकतो. पुढे ३९ आणि मागे ४३ ठेवून कोरड्या, कडक रस्त्यावर फोर व्हील टाकला की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात, ट्रान्सफर केस तापते, लिव्हर अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटते. मग दोष ‘जुन्या गाडीला’ दिला जातो. दात मोजायला कव्हर उघडण्याचीही गरज नाही. मागची दोन्ही चाके उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, दोन्ही चाके एकदम पूर्ण आठ फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने केलेली खूण मोजा. ३९ फेरे झाले तर एमबीचा, ४३ झाले तर सीजेचा. एक माणूस फिरवायला, एक मोजायला, काम अर्ध्या तासाचे. एवढे न करता गाडी तपासणीला नेणारा सभासद निरीक्षकाला दुसरे कारण आपण होऊन देतो.

आणखी एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. सेमी फ्लोटिंगच्या नळीला लेथवर घडवलेली टोके वेल्ड करून तिला ‘फुल फ्लोटिंग’ म्हणून विकणारे वाढले आहेत. वेल्डच्या उष्णतेने नळी वाकते आणि काही थाऊंच्या फरकानेही बेअरिंग एका बाजूला घासू लागतात. असा अ‍ॅक्सल मूळ नाही आणि भरवशाचाही नाही. त्याला मूळ म्हणून कागदावर दाखवणारा सभासद आपल्या सगळ्यांच्या अर्जांवर संशय ओढवून घेतो. या मासिकात अशा मालाची जाहिरात यापुढे घेतली जाणार नाही.

आणि ज्यांच्या गाळ्यात २३-२ ची हाउसिंगे गंजत पडली आहेत त्यांनी ती किलोच्या भावाने भंगारात घालू नयेत. ड्रम नाहीत, हब नाहीत म्हणून ती निरुपयोगी होत नाहीत. कोणाकडे हब आहेत आणि हाउसिंग नाही, एवढाच प्रश्न आहे आणि तो एकमेकांना कळवले तर सुटतो.

म्हणून हे आवाहन. अ‍ॅक्सल बदलण्याआधी खाली असलेल्याचे आणि बसवायच्या असलेल्याचे फोटो घ्या : हब समोरून, हाउसिंग मागून, नळीचे टोक उघडे करून. आठ फेऱ्यांची मोजणी लिहून ठेवा. काढलेला अ‍ॅक्सल तपासणी होईपर्यंत विकू नका. तपासणीत हरकत निघाली तर ती लेखी मागा, तोंडी शेऱ्यावर परत फिरू नका. लेखी हरकतीची प्रत, फोटो आणि मोजणी आमच्याकडे पाठवा. ज्याच्याकडे जास्तीचे शाफ्ट, हब किंवा हाउसिंग असेल त्याने बाजू आणि दातांची संख्या लिहून कळवावे, ती यादी पुढच्या अंकापासून विनामूल्य छापू. हरकतींच्या प्रती एकत्र करून परिवहन आयुक्तांना निवेदन द्यायचे आहे आणि त्यासाठी कागद लागतात, तक्रारी नाहीत. पुढच्या अंकाचा मजकूर २० तारखेला बंद होतो.